शेपटीचा तारा आणि माहेरची गाडी

त्या वैशाखात माझं माहेरी जाणं अडलं ते एका ताऱ्यामुळे. सातवा महिना सरत होता, मोखाड्याहून भाऊ बैलगाडी घेऊन मला न्यायला आला होता, वाटेच्या भाकरीही बांधून झाल्या होत्या. आणि नेमका त्याच संध्याकाळी जव्हारच्या पश्चिमेला शेपटीचा तारा दिसू लागला. सासूबाईंनी माझं बोचकं उचलून परत आत ठेवलं. "हा जाईस्तोवर दिवेलागणीनंतर पोरीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. याच्याकडे बघायचंही नाही. प्रवास तर नाहीच नाही."

मी मुकाट्यानं ऐकलं. एरवी मी अशी गरीब गाय नव्हे, पण तीन वर्षांपूर्वी ग्रहणात मी विसरून विळीवर काकडी चिरली होती, आणि महिन्याभरात पाचव्या महिन्याचं पोटातलं गेलं होतं. तोंडावर मला कुणी काही बोललं नाही. चुलीपाशी कुजबुज मात्र झाली आणि ती माझ्या मनात घर करून बसली. आताही खिडकीतून डोकावणं काही कठीण नव्हतं. पण पुन्हा काही झालं असतं तर दोष द्यायला दुसरं कुणी लागलंच नसतं, मीच मला पुरेशी होते.

तरीही तो तारा मला बघायचा होता. अगदी तहान लागावी तसा बघायचा होता. माझे यजमान संस्थानच्या शाळेत मास्तर. ते रोज अंगणातून आत येऊन म्हणत, "काय सुंदर आहे गं! पुन्हा येईल तेव्हा आपण कुणी नसू." जखमेवर मीठ चोळावं तर या माणसानं.

या माणसाला फोटो काढायचा नाद होता. नाशिकला दुकान बंद करणाऱ्या एका फोटोवाल्याकडून जुना कॅमेरा आणला होता. त्याचा भाता फाटका, त्याला ठिगळं माझ्या छत्रीची. काचेच्या प्लेटा परवडत नाहीत म्हणून एकेकीचे दोन तुकडे करून वापरायचे. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, आमचे पाय मात्र आकाशात पोचायला निघाले. "तुला तारा काचेवर आणून देतो," ते म्हणाले. उरलेले तुकडे तीन.

प्लेट धुवून चित्र उठवायचं काम माझं. त्यांना धीर नाही, हलवून हलवून बिघडवतात. आमच्या बिनखिडकीच्या कोठीत कंदिलाला खारव्याचं लाल जाडं कापड गुंडाळून मी बसायची. पहिला तुकडा धुतला तर ताऱ्याच्या जागी एक पुसट फराटा. कारण साधं होतं. रात्री कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो; तेवढ्यात आकाश ध्रुवाभोवती फिरतं, कॅमेरा जागचा हलत नाही.

"मग चाकाला बांधा तुमची पेटी," मी चिडवलं. "अंगणात गाडी रिकामीच उभी आहे."

ते तसेच अंगणात जाऊन चाक फिरवून बघू लागले. आमच्याकडे ध्रुव फार उंच नाही. गाडीचा आस उत्तरेला वळवून तिकडची बाजू थोडी दगडांवर उचलली की आस थेट ध्रुवाकडे बघतो, आणि वरचं मोकळं चाक आकाशासारखं फिरवता येतं. भाऊ दगड लावताना कुरकुरला, "काय दाजी, चांगली गाडी लंगडी केली तुमी." पेटी चाकाच्या आऱ्यांना बांधली, आणि चाकाच्या लोखंडी धावेवर यजमानांनी खळीनं तांदळाचे दाणे एकापुढे एक चिकटवले. चाक किती सावकाश फिरवायचं याचा हिशेब त्यांनी केला. एक जपमाळ ओढून होते तेवढ्या वेळात एक दाणा.

माळ म्हटल्यावर सासूबाई पुढे झाल्या. "अपशकुनी ताऱ्यापुढे देवाचं नाव घेतलेलं बरंच," म्हणत त्या गाडीखाली सरकल्या आणि जपाला बसावं तशा उत्तरेकडे तोंड करून बसल्या. मी आत, दार लोटून, नुसते मण्यांचे आवाज ऐकत होते.

दुसरा तुकडा मी धुतला आणि मला रडूच आलं. फराटा आधीपेक्षाही लांब! पण दोन्ही काचा एकीवर एक धरल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चाक फिरवून चूक वाढली, म्हणजे चाक आकाशाच्या उलट गेलं. सासूबाईंनी ते आरती ओवाळावी तसं, प्रदक्षिणेच्या दिशेनं फिरवलं होतं. यजमान शेजारी उभे होते, त्यांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्यापैकी कुणाचाही हात दुसरीकडे वळलाच नसता.

"मग उलटं फिरवायचं?" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "उलटी फेरी चितेभोवती घालतात. घरात पोटुशी बाई असताना? माझा हात तुटला तरी नाही." यजमान आकाशाचं गणित समजावू लागले, तशा त्या आणखीच भडकल्या. मला मात्र त्यांचा राग आला नाही. त्यांची भीती आणि माझी भीती एकाच चुलीवर शिजलेली होती.

सकाळभर मी विचार केला. मग सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, उत्तरेकडे नका बसू. पश्चिमेच्या अंगाला, चाकाच्या कडेशी बसा, पूर्वेकडे तोंड करून. तिथून चाक उजवं नाही की डावं नाही. कड नुसती आपल्याकडे खाली ओढायची, माळेला दाणाभर."

त्या अंगणात जाऊन बसून बघून आल्या. "पळवाट आहे ही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "पण तोंड पूर्वेकडे आहे खरं."

भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळतात ते राब भाजून झाले होते, धूर निवळला होता. त्या संध्याकाळी पाट टाकून त्या चाकापाशी बसल्या, आणि तारा डोंगराआड जाईपर्यंत उठल्या नाहीत.

शेवटचा तुकडा मी औषधाच्या पाण्यात सोडला. आधी काहीच नाही. मग काचेच्या तळातून एक काळा ठिपका वर आला, आणि त्याच्यामागून पिसासारखी शेपूट, हळूहळू, लांबच लांब. काचेवर उजेड काळा उमटतो, हे मुलीला पुढे ती काच दाखवताना मला समजावून सांगावं लागलं. तेव्हा मात्र मी एकटीच होते, आणि आनंदानं मोठ्यानं ओरडले.

सासूबाई कोठीत आल्या. लाल उजेडात काच धरून त्यांनी बराच वेळ निरखली. मी म्हटलं, "बघितला मी त्याला, आत्याबाई. चालेल ना?"

"मी अख्खी माळ ओढायची तेव्हा हा दाणाभर सरकायचा," त्या म्हणाल्या. "आपल्या वाटेनं चाललाय बापडा. तुझ्या पोटाकडे बघायला याला सवड कुठली?" त्यांनी काच माझ्या हातात परत दिली आणि डोक्यावरून हात फिरवला. "त्या ग्रहणालाही नव्हती गं. मी उगाच तुझ्यावर मनात धरून बसले."