बुद्धपौर्णिमेच्या खिरीचं दूध

बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीचा फोन आला. वेगवेगळ्या समाजांतल्या विद्यार्थ्यांना सामावून घेणाऱ्या कार्यक्रमांवर सरकारी विद्यापीठांनी पैसा खर्च करू नये, असा कायदा तिथल्या राज्याने केला होता. तिच्या पौर्णिमेच्या कार्यक्रमाचं जेवण त्याच खर्चातून व्हायचं.

"औंदा राहू द्यावं वाटायलंय, पप्पा."

"बंदी खर्चाला हाय का जमायला?" मी विचारलं.

तिने नियम काढून वाचला. "फक्त खर्चाला. विद्यार्थ्यांनी आपलं आपण जमलं तर चालतं."

"मग झालं की! आपल्या गल्लीतल्या खिरीला सरकारनं कधी पैसे दिले?"

गंगाखेडला आमच्या गल्लीत त्या दिवशी प्रत्येक घरचं दूध एकाच पातेल्यात पडतं. तिने मैत्रिणींना तसंच सांगितलं. साखर मात्र एकाच घरची असते, हे इथे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तिला सांगायचं सुचलंच नाही. प्रत्येकीने दूध आपापल्या खोलीवरूनच गोड करून आणलं.

पौर्णिमेच्या दिवशी तिने आईला फोन लावला. "आई, लय गोड झाली! खाववेना."

"बापाला इचारून खीर केल्यावर आणखी काय होणार?" बायको हसली. "बिनसाखरेचं दूध अन् भात वाढव."

वाढवता वाढवता पातेलं काठोकाठ भरलं. मग ती खीर संपवायला वसतिगृहात दिसेल त्याला त्यांनी बोलावलं.

तो कायदा मला पटलेला नाही. पण तिने पाठवलेल्या फोटोत गेल्या वर्षीपेक्षा जास्त माणसं होती. मी दोनदा मोजली.