फुटलेला ठिपका

न्यूझीलंडच्या अप्पर हट शहरातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी शनिवारी काउंटरवर असते. एकदा सत्तरीचे एक गृहस्थ त्यांच्या आखूड कार्बाइन रायफलवर बसवायला छोटी साइट, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बघायला आले. रायफल घरी होती, हातात नुसती साइट. तरी ती डोळ्याला लावण्याआधी ते दर वेळी मला समोरून बाजूला व्हायला सांगत.

"यात गोळी नाहीये," मी हळूच म्हटलं.

"मला माहितीये गं. माझ्या सवयीला कुठे माहितीये?"

चार साइट बघून झाल्या. प्रत्येकीतला नेम धरायचा लाल प्रकाशाचा ठिपका त्यांना फुटलेल्या टोमॅटोसारखा दिसत होता. "संपली माझी शिकार," म्हणत त्यांनी टोपी उचलली.

मी गिऱ्हाइकांशी मोजकंच बोलते. पण चष्मा काढला की मलाही तो ठिपका तसाच दिसतो.

"साइट चांगल्या आहेत. तुमच्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर असेल," मी म्हटलं आणि प्रकाशाच्या ठिपक्याऐवजी काचेवरच खूण कोरलेली, डोळ्याप्रमाणे फोकस जुळवता येणारी साइट पुढे केली.

मला बाजूला करून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला. खूण रेखीव दिसली.

"स्वीट ऍज! एकदम झकास! आता चष्मेवाल्याकडे जातो. पण आधी रानबकऱ्या."

हल्ली कुणी साइट उचलली की मी आपणहून बाजूला होते. फक्त, ठिपका फुटलेला दिसला तर दोष डोळ्याचाही असू शकतो, हे आधी सांगून टाकते.