बंबावरची नागव्वा

नागव्वा आमच्या चाळीतली, गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला. गिरणीत आग लागली की बायकांनी घागरी भरून द्यायच्या आणि बंब पुरुषांनी चालवायचा, अशी रीत. एकदा पाइप धरणाऱ्या ज्ञानबाला धुराने घेरी आली. बाकीचे बाप्ये तोंडाकडे बघत राहिले. नागव्वाने घागर टाकून पाइप धरला, तो आग विझेपर्यंत सोडला नाही. तेव्हापासून मॅनेजरने तिला बंबावर घेतले. पुरुषांना ते झोंबले. येताजाता विचारायचे, "नागव्वा, बंब पेटला का? आंघोळीला येऊ?" ती हसून सोडून द्यायची. मला मात्र एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटे.

पस्तीस सालच्या उन्हाळ्यात कापसाचे गोदाम पेटले. तिचा धाकटा भाऊ रुद्रप्पा आत गाठी ओढत होता. दार जळत होते आणि नागव्वा त्या दारावरच पाणी मारत उभी होती. धार होती तोवर त्याला वाट होती. मागे अंगणात धोंडीराम आणि त्याची माणसे बंबाचा दांडा खालीवर करत होती. धोंडीराम बार्शीकडचा, त्याला कानडीचा गंध नाही.

धुरातून रुद्रप्पा येताना दिसला आणि नागव्वा आपल्या भाषेत ओरडली, "बंद, बंद." कानडीत बंद म्हणजे आला. धोंडीरामने ते मराठीत ऐकले आणि दांडा थांबवला.

धार पडली. "पाणी, पाणी" म्हणून तिने टाहो फोडला, पण पाइपात पुन्हा पाणी येईपर्यंत दाराची चौकट रुद्रप्पाच्या अंगावर कोसळली होती. पुढचे मला सांगवत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने दोघांना बोलावले. धोंडीराम रडत होता. खोटे कशाला बोलू, त्याचाही दोष नव्हता. "सायेब, ती बंद म्हनली म्हून आमी थांबलो," तो म्हणाला.

साहेबाने नागव्वाला विचारले, "तू काय ओरडलीस?"

"बंद," ती म्हणाली. "पन ते आमच्यातलं बंद, सायेब. भाऊ आला म्हनत हुते की."

"मग आला म्हणायचं," साहेब म्हणाला आणि पाइप पुन्हा ज्ञानबाकडे दिला.

भाऊ आगीतून येताना दिसला तर माणूस आईच्याच भाषेत ओरडणार, एवढेही त्या शहाण्याला कळू नये.

त्या दिवसापासून नागव्वाने कानडी सोडली. घरात आता ती आणि तिची आई, दोघीच. आईला मराठी येत नाही.