परीक्षेआधीचा निरोप

मला नोकरीवरून काढलं तेव्हा माझ्या गळ्यात हार होता, खांद्यावर शाल होती आणि समोर बसलेली पोरं टाळ्या वाजवत होती. मीही हसत होते. काढलंय हे मला कळलंच नव्हतं.

लोहाऱ्यातल्या एका खासगी शाळेत मी गणित शिकवायची. शाळा विनाअनुदानित, म्हणजे आमची नोकरी संस्थेच्या सचिवांच्या मर्जीवर. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. ज्याचा काटा काढायचा असेल त्याला ते आधी स्वतःच्या हातानं चहा द्यायचे. एरवी त्यांच्या केबिनमध्ये कुणाला पाणीही मिळत नसे. त्यामुळे अण्णांनी चहा दिला म्हटलं की स्टाफरूममध्ये सगळे गप्प व्हायचे.

दिवसभर शिकवायचं, सुट्टीत पटासाठी मुलं गोळा करत गल्ल्या पालथ्या घालायच्या, अण्णांच्या घरच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावंही आम्हीच टाकायची. एवढं करून उरलेल्या वेळात मी एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होते. गणिताची मला भीती नव्हती. जीव खायचे ते इंग्रजी उतारे. गावाकडून येणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मी मोबाईलवर ते वाचायची. शेजारची बाई कौतुकानं म्हणायची, "लई अभ्यास करती बया पोरगी," आणि स्वतःची पिशवी माझ्या मांडीवर ठेवायची. स्टाफरूममध्ये तेवढंही कौतुक नव्हतं. "एमबीए करून काय, पापड विकणार का मॅडम?" असं विचारून सगळे खो खो हसायचे. हसा लेकांनो, मी मनात म्हणायची, मी सुटणार आहे आणि तुम्ही इथंच मरणार आहात.

परीक्षा रविवारी होती, सोलापूरला. आदल्या दिवशी जाऊन केंद्र बघून ठेवावं म्हणून मी शनिवारची रजा मागायला गेले. आमच्याकडं रजेसाठी लोक धडधाकट आजीला दोन-दोनदा मारतात. मी मात्र शहाणपणा करून खरं सांगितलं.

अण्णांनी समोरची फाईल मिटली. मग त्यांनी चहा मागवला आणि कप स्वतः माझ्या हातात दिला.

"लई आनंद झाला बघा मॅडम. आपली पोरगी मोठ्या कंपनीत जाणार. तुमाला असं गुपचूप जाऊ देतो व्हय आमी? निरोप समारंभ करू."

"अण्णा, नुसती परीक्षा आहे. पास झाले तरी जायचं ते पुढच्या वर्षी."

"होणारच की पास. तुमच्यासारखी हुशार पोरगी न्हाय होणार तर कोण होणार?"

चहाची खूण मला ठाऊक होती, पण एवढ्या कौतुकानं मी हुरळून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला कार्यक्रमाची हौस आहे, करू दे.

शुक्रवारी शाळा सुटायच्या आधी मुलांना सभागृहात बसवलं. फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव. हार, शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ. नववीतली एक मुलगी हुंदके देऊन रडायला लागली, तिचं बघून आणखी चार जणी. मुख्याध्यापकांनी माझे गुण सांगितले. त्यातला एकही त्यांनी मला आधी कधी सांगितला नव्हता. मग माईक माझ्या हातात दिला. मला एकच वाक्य बोलायचं होतं, की बाळांनो रडू नका, मी सोमवारी येणार आहे. पण अंगावर शाल असताना ते वाक्य म्हणजे यजमानाच्या ताटात थुंकणं झालं असतं. ह्या शाळेनं मला खूप दिलं, असं काहीतरी बोलून मी खाली बसले.

शनिवारी दुपारी मी वडलांबरोबर सोलापूरला पोचले. संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला.

"मॅडम, गणिताच्या कपाटाची चावी तुमच्याकडंच राहिली. कुणाच्या तरी हाती पाठवून द्या. सोमवारी नव्या मॅडमला लागंल."

"कोण नव्या मॅडम?"

ते उगाच खोकले. "अण्णांच्या सूनबाई."

सूनबाई दिवाळीनंतर लग्न होऊन आली होती. गणितात बीएड. मला सगळं एकदम लख्ख दिसलं. आता मला परत जायला जागा नव्हती. उद्या परीक्षा बिघडली तर हातात काहीच राहणार नव्हतं, आणि हेच डोक्यात घेऊन बसल्यावर परीक्षा बिघडणारच होती. तशी ती बिघडली. उताऱ्याची एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होते. पोरांना डोळे झाकून शिकवलेली गणितं माझी मलाच सुटेनात. बाहेर वडील माझी पर्स सांभाळत उभे होते, पर्समध्ये ती चावी.

"सोपा गेला का पेपर?"

"गेला," मी म्हणाले.

सोमवारी मी चावी घेऊन अण्णांपुढं उभी राहिले.

"निरोप झाला की तुमचा," अण्णा शांतपणे म्हणाले. "शाल घेतली, भाषण केलं, पोरं रडली. आता परत वर्गावर गेलात तर पोरं काय म्हणतील? तुमचीच शोभा व्हईल मॅडम."

"तुम्ही मला फसवलंत."

"चहा घेता?"

पुढचं वर्ष मी खताच्या दुकानात बिलं केली. मालकाला माझ्या परीक्षेचं काही पडलेलं नव्हतं आणि त्याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे. दुसऱ्या खेपेला कुणाला पत्ता लागू दिला नाही. रजा मागताना मावसबहिणीचा साखरपुडा सांगितला. या वेळी पास झाले, पुण्याच्या कॉलेजात नंबर लागला.

बातमी फुटल्यावर अण्णा स्वतः पेढे घेऊन घरी आले. माझ्या धाकट्या बहिणीचं बीएड झालेलं, ती घरीच बसून होती. अण्णांनी तिला तिथल्या तिथं विज्ञानाला घेतलं. आणि माझा सत्कार ठरवला. वडलांनी दोन्हीला हो म्हणून टाकलं. मला कुणी विचारलं नाही.

तेच सभागृह. पुन्हा शाल. अण्णा माईकवर सांगत होते, "ह्यांना आमी वेळेवर मोकळं केलं. नोकरीत अडकवून ठेवलं असतं तर ही हुशार पोरगी इथंच कुजली असती. असं मोकळं करायला काळीज लागतं." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत वडील डोळे पुसत होते.

माईक माझ्या हातात आला. खताच्या दुकानात वर्षभर मी ह्या माणसाला काय बोलायचं ते घोकलं होतं. एकेक शब्द पाठ होता. शिक्षकांच्या रांगेत माझी बहीण पदर मुठीत धरून बसली होती. तिचा पहिला पगार अजून व्हायचा होता. माझ्याकडं बघून तिनं हळूच मान हलवली. नको.

"अण्णांनी मला वेळेवर मोकळं केलं," मी म्हणाले, "मी त्यांची आभारी आहे."

बोलताना माझी मलाच शिसारी आली. बहीण सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

कार्यक्रम संपल्यावर अण्णांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये नेलं. शिपाई चहाचा एकच कप घेऊन आला. अण्णांनी तो स्वतः उचलला आणि माझ्यापुढून पलीकडं नेऊन बहिणीच्या हातात दिला.

"घ्या मॅडम," ते तिला म्हणाले.