मागच्या खोलीची ओली काच

भूतबित म्हटलं की मला हसूच यायचं. मी शाळेत फिजिक्स शिकवते... आणि तरी हे घडलं ते कुठल्या चॅप्टरमध्ये बसवावं, मला अजून कळलेलं नाही.

मागच्या वर्षी आम्ही जबलपूरला, खमरियाजवळ तळमजल्याच्या भाड्याच्या घरात राहत होतो. मी, फॅक्टरीत नोकरी करणारा नवरा संजय आणि सात वर्षांची ईरा. मागची खोली ईराची. तिला आधी कधी दम्याचा त्रास नव्हता. या घरात पहिलाच पावसाळा सुरू झाला आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न घरातल्या ओलीबद्दल विचारला, "घर में सीलन है? कूलर चल रहा है?"

चालूच होता! आमच्याकडे उन्हाळा संपला तरी कूलर निघत नाही. उमस, म्हणजे दमट उकाडा, वाढली की डासांच्या भीतीने खिडक्या गच्च लावायच्या, कूलरमध्ये पाणी भरायचं आणि वर त्याच खोलीत कपडे वाळत घालायचे. डॉक्टरांनी ईराला तोंडाने ओढायचा दम्याचा पंप दिला. म्हणाले, कोंडलेल्या ओल्या हवेत बुरशी वाढते आणि मुलांच्या छातीला तीच त्रास देते. मला माझाच भयंकर राग आला. मुलांना बाष्पीभवन शिकवते मी!

कूलर काढला. भिंती घासल्या, खिडक्या उघडल्या, हवेतला ओलावा दाखवणारं छोटं मीटर आणलं. पाऊस सरला तसं घर छान सुकलं... मागची खोली सोडून. तिथे मीटर सकाळी ठीक दाखवायचं, पण ईरा शाळेतून येऊन दुपारी आडवी झाली की नव्वद टक्क्यांच्या वर जायचं. आणि शिट्टी परत सुरू. प्लंबरने पाइप तपासले, भिंतीवर हात फिरवला. "दीदी, दीवार तो एकदम सूखी है," म्हणाला.

मग दिवाळीच्या सुट्टीतल्या एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. बाहेर कोरडं, लख्ख ऊन. खिडकीच्या एका बंद झडपेच्या काचेवर, आतल्या बाजूने, माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर वाफेचा एक गोल डाग होता. तो मोठा व्हायचा, आकसायचा, पुन्हा मोठा व्हायचा. काचेला तोंड लावून कुणी श्वास सोडावा तसा. मी तळहाताने पुसला. तो परत आला. पलंगावर ईरा धापा टाकत होती, आणि काचेवरचा डाग आकसला की नेमका तेव्हाच तिचा श्वास अडकायचा... तिला आणि काचेपाशी असलेल्या कुणाला तरी एकच हवा पुरवून वापरायची असल्यासारखा.

मी किंचाळले. संजय धावत आला. "काहून घाबरवून राहिली तू लेकराला?" एवढंच बोलला आणि त्याची नजर काचेकडे गेली. त्याने तसंच ईराला उचललं आणि अंगणात नेलं. तिथे थोड्याच वेळात तिची छाती मोकळी झाली.

आठवड्याभरात आम्ही सामान हलवलं. ऑटोत बसताना ईरा म्हणाली, "आई, तिला पण माझा पंप दे ना."

"कोणाला, बेटा?"

"खिडकीत उभी राहते तिला. तिला माझ्यापेक्षा जास्त त्रास होऊन राहिला."

मी तिला घट्ट धरून बसले.

आता आम्ही जबलपुरातच, सदर भागात राहतो. ईरा ठणठणीत आहे, पंप लागत नाही. त्या घरात आधी कोण राहायचं हे घरमालकांना विचारून पाहिलं, त्यांनी विषय बदलला. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

मध्यंतरी कळलं की तिथे नवीन कुटुंब आलंय. मी न राहवून गेले. कूलर, ओले कपडे, खिडक्या, सगळं त्या बाईंना समजावलं. त्या हसून म्हणाल्या, "हाँ दीदी, ध्यान रखेंगे. पीछे वाला कमरा तो हमने मुन्ने को दिया है, वही सबसे ठंडा है न."

मी काचेचंही सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं नाही, दिसतच होतं. शेवटी दारात उभी राहून मी हात जोडले. म्हटलं, मला वेडी समजा, पण बाळाला त्या खोलीत झोपवू नका.