प्रकाशाच्या पुढे, बाळकुम ते मोठागाव

सकाळी आठला बाळकुमच्या धक्क्यावर उभी होते. पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फ्लॉपी होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. माझी मैत्रीण शरयू नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला निघाली होती आणि दुपारी चारला तिच्या डोंबिवलीच्या घराखाली टॅक्सी यायची होती. नेमकी त्या दिवशी रेल्वे बंद, आणि रस्त्यावर वाहनं जागची हलत नव्हती. म्हणून खाडीनं जायचं ठरवलं. रेती वाहणारे काशिनाथदादा मला आपल्या इंजिनाच्या होरीतून (होडीतून) डोंबिवलीच्या काठावर, मोठागावला सोडायला आणि संध्याकाळी परत आणायला तयार झाले.

शरयू आणि मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. दोन वर्षं आम्ही अंतराळप्रवासाचा एक गेम लिहीत होतो. यानाचं पहिलं इंजिन असं की एक बटण दाबलं की यान थेट दुसऱ्या ताऱ्यावर. क्लासच्या मुलांनी एका दुपारी सगळं आकाश पालथं घातलं आणि पडदा बंद केला. मग शरयूनं दुसरं इंजिन लिहिलं, त्यात इंधन आणलं. प्रकाशापेक्षा जास्त वेग घ्यायचा तर टाकी रिकामी होणार, आणि यानाचा ठिपका पडद्यावर मुंगीसारखा सरकणार. मुलं तेवढ्यात चहा पिऊन येऊ लागली. आमचं भांडण झालं. नंतर मी एकटीनंच तिसरं इंजिन लिहिलं. ताऱ्यांमध्ये प्रवाह होते. यान त्यात शिरलं की प्रवाहच त्याला प्रकाशाच्या पुढे नेणार. शरयूनं ते अजून पाहिलं नव्हतं.

खारेगावच्या पुढे होरी गाळात रुतली. दोन्ही बाजूंना तिवरं, समोर मुंब्र्याचा डोंगर.

"ताय, सुकती (ओहोटी) हाय. पानी चढल्याबगर होरी हलाची नाय."

"किती वेळ?"

"दोन तास. बसा सुखानं."

सुखानं बसणं मला कधी जमलंच नाही. मी होरी ढकलायला पाय खाली टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. काशिनाथदादांनी मला दंडाला धरून वर ओढलं. चप्पल गाळातच राहिली. डबा उघडून त्यांनी तांदळाची भाकरी आणि सोडे (सुकवलेली कोलंबी) पुढे केले. मी एका हातानं खाल्लं, दुसऱ्या हातातली पर्स सोडली नाही.

शरयूकडे पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. माझ्या पायाकडे पाहून ती म्हणाली, "अगं, चालत आलीस का?"

"खाडीतून आले. आधी कॉम्प्युटर लाव."

बॅगांच्या गर्दीत ती स्टुलावर बसली. पहिल्या दोन प्रवाहांतून तिचं यान बाहेर फेकलं गेलं. तिसऱ्यात तिनं बटणांवरचा हात काढला, यान प्रवाहावर सोडलं, आणि ते सुटलं. मागचे तारे पुसट होत गेले. ती पुढे झुकली होती.

दूरच्या ताऱ्यावर पोचल्यावर तिनं सगळी बटणं दाबून पाहिली.

"आणि परत कसं यायचं?"

"ते राहिलं," मी म्हणाले.

"विसरलीस?"

"जायच्या घाईत सुचलंच नाही."

मग फ्लॉपी काढून तिनं हँडबॅगेत ठेवली. "ही मी नेते. परतीचं लिहिलंस की पाठव. भांडण पत्रातून करू."

टॅक्सी वेळेवर आली.

परतताना पाणी उतरत होतं. होरी सरसर निघाली. शरयूनं दिलेल्या स्लिपर मोठ्या होत होत्या. कागद मांडीवर घेऊन मी गणित मांडलं. प्रवाह उलटा करणं सोपं होतं, एका उणे चिन्हाचं काम. पण यान जाऊन येईपर्यंत इथला ताराही जागचा हललेला असणार. मग परत यायचं ते कुठे? मी तीन वेळा खोडलं. दोन वर्षं मी फक्त लवकर पोचण्याचा विचार केला होता.

"आलाच बालकुम," काशिनाथदादा म्हणाले.

"दादा, इंजिन जरा कमी करता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंदच केलं. होरी पाण्याच्या ओढीनं हळूहळू पुढे जात राहिली.