तातेरावांच्या नावाचा दगड

तातेराव पायाळू जन्मले, म्हणजे जगात आधी पाय आले आणि डोकं मागून. पुढे आयुष्यभर त्यांनी हाच क्रम पाळला. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, अशी त्या गोदाकाठच्या गावाची श्रद्धा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तातेराव रान फिरत. नारळ उभा राहिला की तिथे विहीर. नदी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे नारळ सहसा खोटा पडत नसे.

त्यांना एकच ध्यास होता, आपलं नाव मागे राहावं. गावाला शाळेची इमारत मिळणार असं कळताच त्यांनी रस्त्यापासून नदीकडे उतरत गेलेली एक पट्टी दान केली. तिथे कुसळही धड उगवत नव्हतं, त्यामुळे काळीज फारसं दुखलं नाही. दारावर लावायचा संगमरवरी दगड मात्र त्यांनी जालन्याहून आधीच कोरून आणला: ‘दानशूर तातेराव’. दानशूर हा शब्द त्यांचा स्वतःचाच. त्यांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, गुडघ्याला बाशिंगाची म्हण ऐकवून पाहिली.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्ष झालं होतं आणि सरकारला जमिनीची एकाएकी काळजी वाटू लागली होती. भोकं पाडून माती तपासल्याशिवाय पाया खणायचा नाही, असं वरून आलं. ओव्हरसियरने रस्त्याकडच्या उंचवट्यावर तीन खुंट्या ठोकल्या आणि मशीन परवा येईल म्हणून तो निघून गेला.

मशीन म्हणजे बोअर आणि बोअर म्हणजे पाणी, याबद्दल गावात दुमत नव्हतं. तातेरावांना तर ओव्हरसियरची कीव आली. उंचवट्यावर कधी पाणी लागतं का? पायाळूच्या जमिनीत कोरडी भोकं पडली तर अब्रू जायची. सकाळीच नारळ घेऊन ते पट्टीच्या खालच्या अंगाला फिरून आले आणि भरल्या गावादेखत तिन्ही खुंट्या उपटून नदीकडे ठोकल्या.

मशीनबरोबर उषाबाई नावाच्या इंजिनिअर आल्या. पहिल्याच भोकात फार खोल न जाता पाणी लागलं. गावाने तातेरावांना गुलाल फासला. दुसऱ्यातही पाणी, तिसऱ्यातही पाणी. उषाबाईंचा चेहरा तेवढा उतरत गेला.

त्यांनी भोकातली ओली वाळू बादलीत भरली, वर एक वीट उभी केली आणि बादलीला बाहेरून थापा मारल्या. वाळूवर पाणी चढलं, वीट कलली आणि अर्धी आत गेली. वीट म्हणजे शाळा आणि थापा म्हणजे भूकंप, असं त्यांनी समजावलं. पाणी मुरलेली भुसभुशीत वाळू हादरली की पातळ होते, आणि वर मुलं बसलीत का, हे ती बघत नाही.

मग त्या तातेरावांकडे वळल्या. “ओव्हरसियर तर मुरूम म्हणाले होते. खुंट्या इथेच होत्या का?”

नुसतं ‘न्हाई’ म्हटलं असतं तर मशीन उंचवट्यावर गेलं असतं आणि दगड दारावर. गावालाही सगळं ठाऊक होतं, पण गावाचे हात गुलालाने भरलेले होते. आणि अंगावर गुलाल असलेला माणूस चूक कबूल करत नाही, हे निवडणुका पाहिलेल्यांना सांगायला नको.

“बिलकुल इथंच, मॅडम,” तातेराव म्हणाले. “मी सोताच राखण करून राह्यलो ना.”

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. जागा नापास झाली. शाळा उभी राहिली रामरावांच्या मुरमाड माळावर, ज्यांच्याशी तातेरावांचं बांधावरून वैर होतं, आणि दारावर नाव लागलं रामरावांचं. त्या दिवशी तातेराव जेवले नाहीत.

पुढे त्या वाळूत एक हापसा बसला. गोठ्यात पडलेला संगमरवर द्वारकाबाईंनी धुणं धुवायला तिथे नेऊन टाकला. निदान नाव खाली करून टाक, असं तातेरावांनी विनवलं. पण द्वारकाबाईंचं म्हणणं, अक्षरांच्या खाचांवर मळ बरा निघतो.

भूकंप काही आला नाही. पण साऱ्या गावाचं धुणं आपटून आपटून दगड एका अंगाने खचत चालला आहे. ‘दानशूर’ तर केव्हाच वाळूखाली गेलं. तातेराव उरलेल्या नावाकडे बघत बसतात, आणि खुंट्या कुठे होत्या म्हणून कुणी विचारलंच तर अजूनही सांगतात, बिलकुल इथंच.